विश्लेषण : नेपाळ-भूतान सहलीआधी काय तपासाल?

२३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमधील तनहुँ जिल्ह्यात जळगाव जिल्ह्यातील भाविकांची बस मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली; २७ जणांचा मृत्यू झाला. वरणगाव, भुसावळ परिसर सुन्न झाला. त्यामुळे सहल ठरवताना आधी ऋतू पाहा. पावसाळ्यात तेथील घाटांत दरडी कोसळतात. पशुपतिनाथाचे दर्शन आणि चितवनचा एकशिंगी गेंडा, दोन्हींसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. कागदपत्रांचे काय? विमानाने नेपाळला जाताना १५ ते ६५ वयोगटातील प्रवाशांचे आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. भूतानमध्ये भारतीयांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १,२०० रुपये शुल्क आहे. ते सहलीच्या दरात धरले आहे का, विचारा. आणि पैसे भरण्यापूर्वी शेवटचा प्रश्न : बस कोणाची आणि चालकाला डोंगरी रस्त्यांचा सराव आहे का?