कुंडीतील मिरचीसाठी मातीत परलाइट

शेतात मिरची लावताना आपण सरी-वरंबे पाडतो व रोप वरंब्याच्या बगलेस लावतो. यामागील हेतू असा की, मुळांना ओलावा मिळावा, परंतु ती पाण्यात बुडून राहू नयेत. मिरचीच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवेचीही गरज असते. परसात किंवा गच्चीवर कुंडीत लावलेल्या मिरचीस मात्र हा वरंबा लाभत नाही. पुष्कळदा शेतातील काळी माती तशीच कुंडीत भरली जाते. ही माती भिजली म्हणजे फुगते व तिच्यातील पोकळ्या बंद होतात. वाळली म्हणजे आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी कडेनेच निघून जाते.

अशा कुंडीतील झाड दुपारी माना टाकते. माती ओली असूनही, पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते. वस्तुतः मुळे हवेवाचून गुदमरलेली असतात व त्यांना पाणी ओढून घेता येत नाही. अधिक पाण्याने मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, फुले गळतात आणि झाड हातचे जाते. यावर उपाय म्हणजे मातीतच हवेसाठी जागा करून ठेवणे. परलाइटचा उपयोग यासाठीच आहे.

परलाइट म्हणजे काय?

परलाइट हा ज्वालामुखीपासून बनलेला काचेसारखा खडक आहे. त्यात अल्प प्रमाणात पाणी असते. खडक भरडून सुमारे 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला असता या पाण्याची वाफ होते आणि कण लाहीप्रमाणे फुलतात. हे पांढरे कण अत्यंत हलके असून मातीत लवकर दबत वा कुजत नाहीत. कणांच्या पृष्ठभागावर थोडा ओलावा टिकतो व दोन कणांमधील पोकळीत हवा खेळती राहते. मात्र परलाइट हे खत नव्हे, हे नीट ध्यानात ठेवावे. त्यापासून झाडास पोषण मिळत नाही.

मिश्रण कसे करावे?

परलाइट हलके असल्याने मोजमाप वजनाने न करता घमेल्याने करावे. 2 घमेली पोयट्याची किंवा तांबडी माती, 1 घमेले चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि 1 घमेले परलाइट घ्यावे. काळीच माती उपलब्ध असल्यास माती, नारळाच्या काथ्याचा भुसा, खत व परलाइट यांचे प्रत्येकी 1 घमेले घ्यावे. निव्वळ काळ्या मातीत मूठ-दोन मुठी परलाइट टाकल्याने काहीच साधत नाही, कारण चिकणमाती कणांमधील सर्व जागा भरून काढते.

परलाइटची धूळ नाकातोंडात जाऊन त्रास होतो. म्हणून पोते उघडताच त्यावर पाणी शिंपडावे व नाकातोंडास फडके बांधावे. मिश्रण खालीवर करून एकजीव करावे. परलाइटचा निराळा थर कुंडीच्या तळाशी घालू नये. अशा थराने निचरा सुधारत नाही; उलट पाणी थराच्या वरच्या मातीत, म्हणजे मुळांपाशीच, अडून राहते. तळाशी भोके असलेली, 25 ते 30 सेंटिमीटर व्यासाची कुंडी एका झाडास पुरते.

पुढील काळजी

अशी माती लवकर सुकते. बोट 2 ते 3 सेंटिमीटर खोल घालून पाहावे व कोरडे लागल्यासच, तळातून पाणी निघेपर्यंत पाणी द्यावे. निचऱ्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात. म्हणून दर 15 ते 20 दिवसांनी मूठभर गांडूळखत मातीत मिसळावे. पाण्याबरोबर काही परलाइट वर तरंगून येते. त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

परलाइट विकत घ्यावे लागते. खर्च परवडत नसल्यास भाताचे अर्धवट जाळलेले तूस किंवा जाड वाळू वापरावी. वाळूने कुंडी जड होते, म्हणून गच्चीवर तूस बरे. बारीक वाळू मात्र टाळावी. ती पोकळ्या बुजविते.

कार्यकर्त्यांसाठी निदर्शन

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट तोंडी सांगण्याऐवजी प्रत्यक्ष दाखवावी. पुसा ज्वालासारख्या एकाच वाणाची, एकाच वयाची रोपे घेऊन एक निव्वळ काळ्या मातीत व दुसरे वरील मिश्रणात लावावे. दोहोंस पाणी सारखेच द्यावे. सहा आठवड्यांनी शेतकऱ्यांसमक्ष दोन्ही कुंड्या उलथून मुळे दाखवावीत. निरोगी मुळे पांढरी व दाट असतात. गुदमरलेली मुळे तपकिरी होऊन हातात तुटतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, म्हणजे माना टाकलेल्या झाडास पाणी घालण्यापूर्वी शेतकरी प्रथम मातीत बोट घालून पाहील.