रेडिएटर घरीच साफ करा

एप्रिल-मे महिन्यांत कसारा किंवा खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभे असलेले छोटे टेम्पो आपण सर्वांनी पाहिले आहेत. मागे आंब्याच्या पेट्या, भंगार किंवा फर्निचर आणि पुढे वाफेचा लोट! तापलेली गाडी तशीच हाकली तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकते. धंदा बुडतो तो वेगळाच. अनेकदा याचे मूळ रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतलेल्या बोअरच्या पाण्यात असते. चहाच्या पातेल्यात जमतो तसाच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो, त्यात गंज मिसळतो आणि पाणी फिरेनासे होते.

सफाईचे काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, तोंड भाजते. गाडी सपाट जागेवर लावून खाली पसरट घमेले ठेवावे आणि ड्रेन कॉक उघडावा. कॉक गंजून बसला असेल तर जोर न लावता खालच्या होज पाइपची क्लिप सैल करावी. पाणी तांबूस आले तर तो गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर मात्र पुढे जाऊ नका, मिस्त्रीला दाखवा.

आता कॉक बंद करून स्वच्छ पाणी भरावे, झाकण लावावे आणि वरचा होज पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. हात व कपडे पंख्यापासून दूर असू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तोपर्यंत इंजिनातले जुने पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही. मग इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा रिकामे करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकू शकते. पाणी नितळ येईपर्यंत हे दोन-तीनदा करावे.

काही मिस्त्री उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. आम्हाला हे पटत नाही. इंजिन हवे तेवढे तापत नाही, डिझेल जास्त जाते, झीज वाढते. खराब झाला असेल तर नवा बसवावा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे बंधू विचारतात. कूलंट गंज रोखते, शिवाय निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. तयार मिश्रण घेतल्यास त्यात पाणी घालू नये. रंगावर जाऊ नका. तो कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकारच घ्या. थंड इंजिनात मिश्रण भरून, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे आणि हवेचे बुडबुडे थांबले की झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

जुने कूलंट विषारी असते आणि चवीला गोड. दारातली बकरी किंवा मांजर ते पिऊन मरू शकते. म्हणून घमेले उघडे ठेवू नये, गटारातही ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्यावे.