थंडीत फुटलेली ट्रेलरची पाइपलाइन : शोधायची कशी, जोडायची कशी

आजचा भाग माझ्या एका विसरण्याबद्दल आहे. मिशिगनमध्ये थंडी लागायच्या आधी मी आमच्या ट्रेलरमधलं पाणी काढलं, आतले सगळे नळ उघडले, पण बाहेरच्या अंगाचा शॉवर तेवढा राहिला. एप्रिलमध्ये होज जोडून पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत पलंगाखालून ओघळ आला.

असं का होतं? पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पण पाइप नेहमी बर्फ झालाय तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि कमजोर जागा तडकते. पेक्सचा पाइप थोडा ताणतो, म्हणून बऱ्याचदा वाचतो. जातात ते प्लास्टिकचे एल्बो, नळ, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं आणि हीटरमागचे बायपास व्हॉल्व्ह.

माझी दुसरी चूक म्हणजे मी गळती पाण्याने शोधली. जमिनीचं प्लायवूड भिजलं की कुजतं, आणि ते बदलणं पाइपापेक्षा कितीतरी महाग. आधी हवेने तपासा. हीटर बंद ठेवा, सगळे नळ आणि खालचे ड्रेन बंद करा, होजच्या तोंडाला अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरने ३० पीएसआयपर्यंत हवा भरा. मग कॉम्प्रेसर तोडून काटा बघत बसा. काटा उतरला की कान द्या, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती.

आता दुरुस्ती. तडकलेल्या एल्बोला सीलंट फासू नका, दाबाखाली ते टिकत नाही. दोन्ही बाजूंचा पाइप कटरने सरळ कापा. आधी तांब्याची रिंग पाइपावर चढवा, मग नवा पितळी एल्बो पूर्ण आत घाला. रिंग पाइपाच्या टोकापासून १/८ ते १/४ इंच आत ठेवून क्रिंप करा आणि गेजने तपासा. क्रिंपचा पाना शिरत नसेल, तर पुश-फिट जोड वापरा. किती आत जायला हवा, त्याची पाइपावर आधी खूण करा. चिरलेला व्हॉल्व्ह मात्र सरळ बदला.

पुन्हा हवेची चाचणी घ्या, मगच पाणी भरा. सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर कुठेतरी अजून गळतंय किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह गेलाय. आणि हीटरची टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत त्याचं बटण दाबू नका. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

पुढच्या थंडीसाठी गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझच घ्या, गाडीचं नको. ते विषारी असतं. मी नळांची यादी करून दाराच्या आत चिकटवली आहे. पहिलं नाव बाहेरच्या शॉवरचं!