ब्रेड मेकर : स्वस्तातला घ्या, पाण्यावर लक्ष ठेवा

घरी ब्रेड करायचा म्हणजे पीठ तिंबणे, फुगवणे, पुन्हा मळणे आणि भाजणे. ही सगळी कामे ब्रेड मेकर एकाच भांड्यात उरकतो. महागड्या यंत्रात सोयी जास्त मिळतात, पण पाव कसा होईल हे बरेचसे पिठातल्या पाण्यावर ठरते. ते पाहण्याचे काम आपलेच.

यंत्राची रचना

काढता येणारे भांडे, तळाशी फिरणारे पाते, भोवती तापणारी कॉइल आणि टायमर, एवढाच हा मामला. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये असे यंत्र बाजारात आणले. त्याआधी कंपनीच्या इकुको तानाका ओसाकातील एका हॉटेलच्या बेकरकडे पीठ मळायला शिकल्या. बेकर पीठ ओढून पिळतो, हे त्यांनी हेरले. तोच परिणाम साधण्यासाठी यंत्राला आतून उंचवटे दिले गेले.

खरेदी करताना

छोट्या कुटुंबाला ४५० ग्रॅमचा पाव होणारे यंत्र पुरते. फक्त पीठ मळण्याचा प्रोग्रॅम आहे का आणि पाते व भांडे सुटे मिळते का, हे विचारून घ्या. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावू नये.

साधा पाव

आधी १९० मिली पाणी आणि दीड मोठा चमचा तेल घाला. त्यावर ३०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा साखर. शेवटी पिठात खळगा करून एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. टायमर लावून रात्रभर ठेवायचे असेल, तर यीस्ट कोरडेच राहायला हवे. म्हणूनच पाणी तळाशी. अशा वेळी दूध मात्र टाळा, ते उन्हाळ्यात नासते.

पाण्याचा अंदाज

मळणे सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून पाहा. गोळा मऊ, गुळगुळीत आणि भांड्यापासून सुटलेला हवा. तळाशी चिकटत असेल तर चमचाभर मैदा भुरभुरवा, कडक वाटला तर चमचाभर पाणी घाला. पावसाळ्यात पीठ दमट होते, तेव्हा पाणी किंचित कमी लागते. चक्कीवरची कणीक मात्र मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. नुसत्या कणकेचा पाव दडस होतो, म्हणून सुरुवात निम्म्या मैद्याने करावी.

पाव बिघडला तर

पाव मधोमध खचला, तर पाणी किंवा यीस्ट जास्त झाले असावे. उन्हाळ्यात थंड पाणी वापरा. पाव फुगलाच नाही, तर यीस्ट जुने असू शकते. भाजून झाल्यावर पाव लगेच भांड्याबाहेर काढून जाळीवर ठेवा, नाहीतर वाफेने कडा ओल्या होतात. पूर्ण निवल्यावरच कापा.

लादीपाव हवा असेल, तर यंत्राकडून फक्त पीठ मळून आणि फुगवून घ्या. गोळे ट्रेमध्ये जवळजवळ लावा, पुन्हा फुगू द्या आणि ओव्हनमध्ये भाजा.