विमानातली नोकरी



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पालमजवळच्या एका खेड्यातले एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आले. मुलगी आमच्याच महाविद्यालयातून नुकतीच बारावी उत्तीर्ण झालेली. चहा झाला, पेरणीच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "सर, पोरगी म्हणायली, विमानात नोकरी करायची. ह्या कोर्साला लाखाच्या वर पैसे लागायलेत. दीड एकर गहाण ठेवावं का नाही, तेवढं सांगा."

पत्रकावर टापटीप पोशाखातली एक हसतमुख तरुणी होती, तिच्यामागे विमान होते आणि खाली ठळक अक्षरांत नोकरीची शंभर टक्के हमी दिलेली होती. मी मास्तरकीच्या सवयीने लगेच सल्ला देऊन टाकला, "कशाला या भानगडीत पडता? डी.एड. करू द्या, नाहीतर पोलीस भरतीला बसवा." मुलगी काही बोलली नाही. मात्र निघताना उंबऱ्यापाशी थांबून तिने विचारले, "सर, विमानात त्या बायका नेमकं काय करतात हो?"

खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. चहापाणी देतात, यापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हते. ज्या कामाची आपल्याला माहिती नाही त्याविषयी मी दुसऱ्याच्या मुलीला सल्ला देऊन मोकळा झालो होतो! त्यानंतर मी वाचले, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. मराठीत या नोकरीला फार दिवस आपण 'हवाई सुंदरी' म्हणत आलो. या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. जणू रूप हेच भांडवल, आणि बाकी सारे दुय्यम! वस्तुतः या धंद्याचा आरंभ रूपापासून झालाच नाही. प्रवासी हवाई जहाजावरचा पहिला सेवक हा पुरुष होता. हाइनरिश कुबिस नावाचा हा जर्मन गृहस्थ १९१२ साली झेपेलिन जहाजावर काम करू लागला. १९३७ साली 'हिंडेनबुर्ग' हे प्रचंड जहाज पेटले तेव्हाही तो त्यावर होता, आणि खिडक्यांतून प्रवाशांना बाहेर उड्या घ्यायला लावून त्याने कित्येकांना वाचविले. विमानात काम करणारी पहिली स्त्री म्हणजे एलन चर्च. ही अमेरिकन बाई रुग्णालयातली परिचारिका होती. तिला विमान चालवता येत होते, पण स्त्रीला वैमानिक म्हणून घ्यायला त्या काळी कोणी तयार नव्हते. तेव्हा तिने कंपनीला सुचविले की, विमानात परिचारिका ठेवा, म्हणजे घाबरणाऱ्या प्रवाशांना धीर येईल. १५ मे १९३० रोजी ती पहिल्या उड्डाणावर गेली. तिच्याबरोबर नेमलेल्या पहिल्या साऱ्याजणी परिचारिकाच होत्या.

म्हणजे पाहा, आजारी माणसाची शुश्रूषा आणि संकटात सापडलेल्यांची सुटका, ही या नोकरीची मुळे आहेत. आज या लोकांना सर्वत्र 'केबिन क्रू' म्हणतात, आणि त्यांत मुलगेही असतात. आपणही तोच शब्द वापरू.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हे लोक विमानात नेमके काय करतात? आपल्या देशातील नियमाप्रमाणे विमानात साधारणपणे दर पन्नास आसनांमागे एक, या हिशेबाने केबिन क्रू असलेच पाहिजेत. १८० आसनांच्या विमानात किमान चारजण लागतात. एकशेऐंशी माणसांना चहा द्यायला तीन माणसे पुरेनात म्हणून हा नियम केलेला नाही, बरं का! विमानाला दारे किती, आणि प्रसंग पडल्यास ती उघडून माणसे बाहेर काढायला हात किती लागतील, हा त्यामागचा विचार आहे. मोठे प्रवासी विमान नवे तयार होते तेव्हा एक परीक्षा द्यावी लागते. निम्मीच दारे वापरून, भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे सिद्ध करून दाखवावे लागते. नव्वद सेकंद म्हणजे आपल्या एस.टी.त दहाजण चढायला लागतात तेवढा वेळ!

विमान निघण्यापूर्वी क्रू प्रत्येक दार एका विशिष्ट स्थितीत आणून ठेवतात. मग ते दार उघडले की त्यातून रबरी घसरगुंडी आपोआप फुगून जमिनीपर्यंत पोहोचते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ते आपल्या छोट्या आसनावर पट्टा बांधून गप्प बसलेले दिसतात. आपल्याला वाटते, विश्रांती चालली आहे. परंतु त्या वेळी ते मनातल्या मनात उजळणी करीत असतात. आग लागली तर काय करायचे, माझे दार कोणते, बाहेर धूर असेल तर दुसरे दार कोणते, माझ्याजवळ लहान मूल कोण, म्हातारे कोण. शाळेत पाढे म्हणावेत तशी ही उजळणी असते.

या उजळणीचे मोल २ जानेवारी २०२४ रोजी जगाला दिसले. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या एका छोट्या विमानावर आदळून पेटले. छोट्या विमानातील पाचजण दगावले. मोठ्या विमानात मात्र ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. आत घोषणा करण्याची यंत्रणा बंद पडलेली. आठ दारांपैकी वापरण्याजोगी तीनच उरली होती. कोणते दार उघडायचे आणि कोणते मुळीच उघडायचे नाही, हे त्या क्रूनी खिडकीतून बाहेर पाहून ठरविले. कर्णा आणि स्वतःचा गळा यांच्या जोरावर माणसे हलविली. ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर पडले, आणि मग ते विमान जळून खाक झाले. तिथे कोणाचे रूप कामाला आले नाही. कामाला आली ती घोकंपट्टी आणि खणखणीत आवाज!

दुसरा एक प्रकार सांगतो. विमान पस्तीस हजार फुटांवर असते, तिथली हवा अतिशय विरळ असते. म्हणून आतली हवा दाबून ठेवलेली असते. तो दाब एकाएकी गेला तर माणसाची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटात हरपू लागते. अशा वेळी वरून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबतात. "आधी स्वतःचा मुखवटा लावा, मग मुलाला लावा," असे सांगतात तेव्हा आपल्या आयांना ते कठोर वाटते. पण आईच बेशुद्ध पडली तर लेकराला लावणार कोण? बहुतेक विमानांत हा प्राणवायू बारा ते पंधरा मिनिटे पुरतो, आणि तेवढ्यात वैमानिक विमान दहा हजार फुटांच्या आसपास खाली आणतो. एरवी प्रवाशाला झटका आला, हृदय बंद पडले, कोणी बाळंत होऊ लागली, एखाद्याच्या मोबाइलची बॅटरी पेटली, तर आकाशात डॉक्टर आणि अग्निशामक दोन्ही हेच लोक.

यावरून उंचीच्या अटीचाही उलगडा होतो. आपल्या कंपन्या मुलींसाठी साधारण १५५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट एक इंचाच्या आसपास उंची मागतात. मुलांसाठी त्याहून अधिक. कारण साधे आहे. आग विझविण्याची नळकांडी आणि इतर साहित्य डोक्यावरच्या कप्प्यांत असते, आणि तिथे हात पोहोचला पाहिजे.

या कामात धोका नाही काय? आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. मुंबईत वाढलेली नीरजा भानोत ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानात मुख्य परिचर होती. कराचीला बंदूकधारी विमानात शिरले. वैमानिकांना सावध केले गेले, ते निसटले आणि विमान जागीच अडकून पडले. पुढे गोळीबार सुरू झाला तेव्हा दार उघडून प्रवाशांना बाहेर काढता काढता ती मारली गेली. वय वर्षे बावीस. भारत सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. आणि १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात तर आपल्या सर्वांच्या ताज्या स्मरणात आहे. लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान मिनिटभराच्या आत कोसळले. आतल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. दहा केबिन क्रूपैकी कित्येकजण आपल्या महाराष्ट्रातल्या साध्या घरांतली, डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुले-मुली होती. तिथे कोणतेच शिक्षण कामी आले नाही. असे अपघात क्वचित होतात, हे खरे. तरी मुलीला पाठविणाऱ्या बापाला हे ठाऊक असले पाहिजे.

या नोकरीने स्त्रियांना बरेच सोसायलाही लावले आहे. एअर इंडियात एके काळी नियम असा होता की, नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केले, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले, किंवा वयाची पस्तीस वर्षे झाली, की तिने घरी जायचे. पस्तिशीनंतर ठेवायचे की नाही, हे वरिष्ठांच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८१ साली न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि वरिष्ठांची मर्जी या दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरविल्या. चार वर्षांची लग्नाची अट मात्र तेव्हा कायम राहिली. पुढे निवृत्तीचे वय हळूहळू वाढत गेले. आज आपल्या मुली ज्या दाराने आत जातात, ते अशा बायकांनी भांडून रुंद केले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. शिरायचे कसे? वय अठरा पूर्ण, शिक्षण बारावी उत्तीर्ण आणि वैद्यकीय तपासणीत निकोप प्रकृती, हा पाया. पहिल्या भरतीसाठी कंपन्या बहुधा सत्तावीसच्या आतले उमेदवार घेतात. इंग्रजी आणि हिंदी बोलता आली पाहिजे. कंपन्या आपल्या संकेतस्थळावर जाहिरात देतात आणि मोठ्या शहरांत खुल्या मुलाखती घेतात. त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. निवड झाली की कंपनीच आपल्या शाळेत काही आठवडे शिक्षण देते. त्यात दारे उघडणे, आग विझविणे, तळ्यात तराफ्यावर चढणे, प्रथमोपचार, सारे आले. काही कंपन्या त्यासाठी करार लिहून घेतात, तो नीट वाचावा. पुढे दर वर्षी हे शिक्षण नव्याने घेऊन परीक्षा द्यावी लागते.

म्हणजे बाहेरच्या संस्थेत वर्षभराचा महागडा कोर्स केलाच पाहिजे, असा काही नियम नाही. एखाद्या संस्थेत बोलण्याचालण्याचा सराव चांगला होतही असेल. परंतु नोकरीची हमी तिला देता येत नाही, कारण निवड तिच्या हातात नाही. निवड विमान कंपनीच्या हातात असते. कोणी निवडीसाठी किंवा मुलाखतीसाठी पैसे मागितले, तर सरळ उठून यावे.

मग पालमसारख्या गावात राहून तयारी काय करता येईल? पुष्कळ. रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचावे, आणि वाचलेले दुसऱ्याला सांगून पाहावे. चुका होतील, होऊ द्याव्यात. पोहायला शिकावे. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, तिच्या काठी राहतो, पण पोरांना पोहता येते आणि पोरी काठावर धुणी धुतात! जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, तलावात किंवा विहिरीत, मुलींनीही शिकावे. प्रथमोपचाराचा एखादा वर्ग करावा. आणि आपली मराठी विसरू नये. नांदेडच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानात आपल्या भागातली एखादी आजी पहिल्यांदा बसते, तेव्हा "आज्जी, पट्टा असा लावायचा, भिऊ नका," असे तिच्या बोलीत सांगणारे माणूस तिला देवासारखे वाटते.

काही घरांतून आक्षेप येतो, "लोकांची उष्टी काढायची का?" आपल्या लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला आणि पत्रावळी उचलणाऱ्याला आपण कधी हलके मानतो काय? मग आकाशातल्या पंगतीत ते हलके कसे होईल? अडचणी आहेत त्या वेगळ्याच. रात्री-अपरात्री ड्यूटी, मोडलेली झोप, कानाला बसणारे दडे, दिवाळीला घरी नसणे. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, म्हणजे आजारी पडले की कमाई कमी. मुंबई-दिल्लीला राहण्याचा खर्च निराळा. हे सारे मांडून मगच आकडेमोड करावी.

मी त्या शेतकऱ्यांच्या घरी मुद्दाम गेलो आणि एवढेच सांगितले. माझा पहिला सल्लाही परत घेतला. दीड एकर गहाण पडले नाही. त्यात सोयाबीन पेरले गेले. मुलगी बी.ए.ला आहे, इंग्रजी मोठ्याने वाचते, आणि मामाच्या विहिरीत पोहायला शिकली. हिवाळ्यात ती बापाबरोबर गंगाखेडहून रेल्वेने हैदराबादला एका मुलाखतीला जाऊन आली. पहिल्या फेरीतच परतावे लागले. इंग्रजी बोलताना अडखळली, असे तिनेच सांगितले. खर्च झाला तो तिकिटाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. पुन्हा जाणार का, असे मी विचारले. ती काही बोलायच्या आधी तिचे वडीलच म्हणाले, "जाणार की. आता रस्ता बघितलाय."