आर्थिक क्षमतेच्या आडोशाने

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंगांना (सरकारी भाषेत आता दिव्यांगांना) रेल्वेच्या द्वितीय श्रेणीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, सोबत्यालाही तेवढीच. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबली, तेव्हाही ही टिकली. प्रश्न डब्यात चढायचे कसे, हा आहे आणि तेथे कायद्याची भाषा एकाएकी सावध होते. १९९५ च्या कायद्याने डबे व बसगाड्या अपंगांना सोयीच्या करण्यास सांगितले, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. २०१६ च्या कायद्याने हक्काची परिभाषा स्वीकारली. जुन्या वाहनांतील फेरबदल मात्र आर्थिकदृष्ट्या परवडले तरच! २०१७ च्या नियमांनी सुगम्यतेची मानके प्रत्यक्षात शिफारशीवजाच ठेवली. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ती तरतूद कायद्याशी विसंगत ठरवली आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत आखण्याचा आदेश केंद्राला दिला.

सवलतीचा आकडा लेखी उत्तरात शोभून दिसतो. रॅम्पचे तसे नाही. चढण्याच्या स्थानकावर तो असला आणि उतरण्याच्या स्थानकावर नसला, तर पहिल्या स्थानकावरील खर्चही त्या प्रवाशापुरता वायाच जातो.