क्षेपणास्त्राचा मेंदू उघडताना
अमेरिकेची मिनटमन-१ क्षेपणास्त्रे निवृत्त झाली, तेव्हा त्यांतले डी-१७बी संगणक विद्यापीठांना मिळाले. उघडून पाहिले की रचनेमागचा विचार दिसतो. स्मृती मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चुंबकी तबकडीवर. २४ बिटांचा शब्द एकेका बिटाने सरकतो. वेग कमी, पण सुटे भागही कमी, म्हणून बिघाडाच्या जागाही कमी. क्षेपणास्त्राच्या भूमिगत कोठारात अखंड सज्ज राहायचे तर हा सौदा शहाणपणाचाच. आराखडे असताना खोलायचे कशाला, असे कुणी विचारेल. आराखडा जोडणी सांगतो. कंपन आणि दमटपणा सोसण्यासाठी सर्किटच्या पट्ट्यांवर चढवलेला पॉलियुरेथेनचा लवचीक थर मात्र बोटांनाच नीट समजतो. गुपित फुटण्याची भीती रास्त आहे, पण लक्ष्याची माहिती तबकडीवर असे. ती पुसली की उरते ती शिकण्याजोगी अभियांत्रिकी.